गाळातली शिल्लक

मे महिन्यात बीड जिल्ह्यातल्या तलावांतून गाळाच्या ट्रॉल्या शिवाराकडे निघतात. २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली आणि या कामाला सरकारी नाव मिळाले. तसे गाळ वाहणे जुनेच. ऊन तापायच्या आत खेपा उरकायच्या असतात. ट्रॉलीत नुसती काळी माती दिसते.

त्या मातीत गेल्या वर्षीच्या पाण्यातले जीवही असतात. डॅफ्निया, मोइना यांसारख्या पाण्यातल्या पिसवा. तळे भरलेले असते तेव्हा माद्या नराशिवायच पिले देत राहतात. पाणी आटू लागले की नर जन्माला येतात, आणि मग मादी वेगळी अंडी घालते. जाड कवचातली, टिकाऊ. मादी मरते. अंडी गाळात बसतात. मराठवाड्याचा उन्हाळा ती सोसतात. पाऊस हुकला तर पुढचाही.

असाच वाईट काळ काढणारा, कॅलॅनस नावाचा तांदळाच्या दाण्याएवढा जीव आर्क्टिक समुद्रात असतो. तिथे पाणी आटत नाही, खाणे आटते. बर्फ सरून उजेड आला की शेवाळ माजते. तेवढ्या थोड्या दिवसांत तो पोटभर खातो आणि अंगात मेणासारखे तेल साठवतो. कोरड्या वजनाच्या निम्म्याहून अधिक तेलच भरते. मग शेकडो मीटर खोल उतरतो आणि जवळजवळ काही न करता हिवाळा काढतो. साठा मोठा म्हणून तो जगतो, असे वाटते. खरे तर खर्च जवळपास थांबवतो, म्हणून तेल पुरते. काही जाती वसंताची वाट न पाहता त्याच तेलाच्या जोरावर खोल अंधारात अंडीही घालतात.

कॅलॅनस शिल्लक स्वतःच्या अंगात ठेवतो. आपल्याकडची पिसू ती अंड्याच्या हवाली करून निघून जाते. खोल पाण्यात थंडी संपेपर्यंत जगता येते. कोरड्या तळ्यात ते शक्य नसते.

मला पिसवांच्या या अंड्यांची एक गोष्ट फार विचारात पाडते. पहिल्या पावसाला ती सगळी उघडत नाहीत. काही उघडतात, काही गाळातच राहतात, पुढच्या पाण्यासाठी. ज्यांची सगळीच एकदम उघडत होती, त्यांचा वंश एखाद्या फसव्या मृगात संपला असावा.

फसवा मृग बीडला नवा नाही. पहिल्या सरीवर कापूस, सोयाबीन पेरायचे, मग तीन आठवडे कोरडे आभाळ, मग दुबार पेरणी. थोडे बियाणे मागे ठेवावे, हे शेतकऱ्याला पिसवेने सांगायला नको. पण ओल निघून गेली तर हंगाम साधत नाही, आणि उसनवारीवर आणलेल्या पैशाचे व्याज पावसासाठी थांबत नाही. म्हणून तो सगळेच पेरतो.