उतरण्याची ताकद

साठीनंतरच्या तब्येतीची चर्चा हल्ली जिथे तिथे चालते आणि ती सगळी चढावर अडकून पडलेली असते. अमुक गृहस्थ पंचाहत्तरीत कळसूबाई चढले, तमुक बाई तरुणांच्या बरोबरीने सिंहगडावर पोचल्या. किती वेळात चढलात, दम किती लागला, हातातल्या घड्याळाने नाडी किती दाखवली? खाली कसे आलात, हे कुणी विचारत नाही. रविवारी सकाळी सिंहगडाच्या वाहनतळावर उभे राहिले की उत्तर दिसते. आतकरवाडीकडून घामाघूम होऊन चढलेल्या मंडळींतले बरेच जण पिठलं-भाकरी खाऊन, मडक्यातले दही चाटूनपुसून जीपमध्ये बसतात. गुडघे जपायला हवेत ना!

दहा हजार पावलांबद्दल फार बोलायला नको. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला काढलेल्या एका पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. प्रथिनांच्या डब्यांबद्दल त्याहूनही कमी. तालमी, जोर-बैठका, मुजुमदारांचा व्यायामज्ञानकोश हा वारसा सर्वांना तोंडपाठ आहे आणि भाषणापलीकडे क्वचितच वापरात आहे. माझे भांडण आहे ते ‘चढा, पण उतरू नका’ या सल्ल्याशी. दवाखान्यापासून सोसायटीच्या कट्ट्यापर्यंत तो मिळतो, ऐकायला समंजस वाटतो आणि माणसाला गरजेपेक्षा लवकर म्हातारा करतो.

त्यामागची समजूत अशी की गुडघा म्हणजे टायर, जितका पळवाल तितका झिजेल. पण गुडघ्यातल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. दाब पडतो आणि सुटतो, तसा सांध्यातला द्रव तिच्या आत-बाहेर होतो आणि त्यावर ती पोसली जाते. टायरचे असे काही नसते. उतरताना गुडघ्याच्या वाटीमागचा दाब शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट होतो, हे खरे आहे आणि ज्याचा गुडघा सुजलेला आहे त्याने आज उतरू नये, हेही खरे. मात्र तो भार झेलायचा असतो मांडीच्या पुढच्या स्नायूने. त्याला कामच दिले नाही तर गुडघा कोणाच्या भरवशावर जपायचा?

चढताना हा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तो लांबत लांबत जोर लावतो. ही दोन वेगळी कामे आहेत. १९५२ साली ॲबट, बिगलँड आणि रिची या ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचे, दुसऱ्याने ते रोखून धरायचे. जोर सारखाच, पण रोखणाऱ्याला प्राणवायू फारच कमी लागला. उतारावर म्हणूनच दम लागत नाही आणि आपण काही केले असे वाटतच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, जिना उतरताना कठडा धरावा लागतो, तेव्हा ते कळते. थोड्या दिवसांनी पुन्हा उतरलात तर दुखणे बरेच कमी होते. जीपवाल्यांच्या वाट्याला ही दुसरी खेप येतच नाही.

शिवाय हा सल्ला तपासून झाला आहे. ऑस्ट्रियात काहींना डोंगर चढायला लावून रोपवेने खाली आणले, काहींना उलटे. काही आठवड्यांनी अदलाबदल केली. कोलेस्टेरॉल दोन्हीकडे सुधारले, पण साखर पचवण्याची क्षमता सुधारली ती उतरण्याने. तैवानमध्ये स्थूल, वयस्क स्त्रियांवर झालेला बारा आठवड्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. फक्त जिने उतरणाऱ्या गटाला पायांची ताकद, तोल, रक्तदाब आणि हाडांची घनता यांत फक्त चढणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला. आपल्याकडे लिफ्ट नेमकी उलट्या दिशेने वापरायला सांगतात!

हे ज्यांना सांगावे लागत नाही अशी माणसे आहेत. सरपण वर रानात असते आणि घर खाली, त्यामुळे मोळी नेहमी उतारावरूनच येते. मुळशी-अकोल्याकडच्या डोंगरात डोक्यावर चुंबळ आणि मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईचे पाय पाहावेत. पाऊल आखूड, गुडघा कधीच ताठ नाही. घसाऱ्यावर ती किंचित आडवी होते आणि पुढच्या पायाखालचा मुरूम बसल्याशिवाय मागचा पाय सोडत नाही. या कष्टांचे गोडवे मला गायचे नाहीत. मानेची आणि कमरेची त्यात वाट लागते, आणि उज्ज्वलाचा सिलिंडर परवडला असता तर तिने मोळी कधीच टाकली असती. ओझे वजा करूनही उरते ती तिची उतरण्याची रीत.

कोकणात बंबासाठी लाकडे फोडणारे म्हातारेही तेच करतात. कुऱ्हाड वर नेतात आणि नंतर तिला तिच्या वजनाने पडू देतात. ती खाली येताना स्वतः गुडघ्यांत वाकतात, म्हणजे नेम चुकला तरी पाते नडगीवर न येता ठोकळ्यात रुतते. नवशिका सगळी ताकद उगारण्यात घालवतो. डोंगरावरही कसोटी खाली येण्याचीच असते. आल्प्समधल्या नोंदींत गिर्यारोहक घसरून पडण्याचे बहुतेक प्रसंग उतरतानाचेच आहेत.

‘आता या वयात कुठे’ म्हणणाऱ्यांसाठी एक जुना दाखला. १९९०च्या प्रयोगात बॉस्टनमधल्या एका संस्थेत राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींपैकी नऊ जणांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलले आणि तितकेच सावकाश खाली ठेवले. त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. आपल्याला इतकेही नको. खुर्चीत धपकन न बसता चार आकडे मोजत बसावे. मग एक मजला उतरावा, कठड्याला हात असू द्यावा. मग एक टेकडी, हातात काठी घेऊन. हृदयविकार, सूज, चक्कर असेल तर आधी डॉक्टर, यात वाद नाही. फक्त त्यांनी ‘उतरू नका’ म्हटले तर कधीपर्यंत, आणि तोवर मांडीसाठी काय करू, हे दोन प्रश्न विचारूनच उठावे.