आधी खराटा, मग कीर्तन

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, दिंडी कशी चालली आहे हे विण्याच्या नादावरून कळत नाही; मुक्कामी पंगत कशी बसते त्यावरून कळते.

आम्ही एका दिंडीत कैक वर्षे चाललो. तिचे चालक प्रवचनात समता फार गोड सांगत. पण मुक्काम आला की टँकरचे पहिले पाणी त्यांच्या राहुटीत जायचे, दूधही त्यांच्यासाठी वेगळे निघायचे. दोन-तीन वर्षांत काय झाले? सामान सांभाळणारा चांगल्या सतरंज्या आपल्या माणसांसाठी दडवू लागला, वाढपी ओळखीच्या पानावर तूप सोडू लागला, आणि म्हाताऱ्या माउल्यांच्या वाट्याला शेवटचा गार भात आला. हे कुणी कुणाला शिकवले नव्हते हो! प्रवचन सगळ्यांनी ऐकले. शिकले मात्र राहुटीकडे बघून. खरे सांगायचे तर त्या दुधातले घोटभर आम्हीही प्यालो, आणि गप्प राहिलो. दोष एकट्या चालकांचा कसा म्हणावा?

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंत अर्जुनाला हेच सांगतात की, श्रेष्ठ माणूस जसे आचरण करतो तसेच इतर लोक करतात. आचरण करतो म्हटले आहे, नुसते बोलतो म्हटलेले नाही.

श्रीगाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन रात्री. बाबा रस्ता झाडताहेत म्हटल्यावर ओट्यावर पाय सोडून कोण बसेल? पंढरीत, नाशकात यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या, पण अंगावरच्या चिंध्या काही सोडल्या नाहीत.

झाडण्याइतकेच ऐकून घेणेही मोठेपणाचे काम आहे. माउलींच्या पालखी सोहळ्यात समाजआरतीला चोपदार दंड उंचावतात आणि सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीचे गाऱ्हाणे असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात, आणि चोपदार तिच्यापाशी जाऊन ऐकून घेतात. दंड हाती आहे म्हणून गाऱ्हाणे दडपत नाहीत.

आपल्यापैकी कोणी कारखान्यात मुकादम आहे, कोणी कचेरीत साहेब, कोणी शाळेत मुख्याध्यापक. भिंतीवर नियमांची पाटी लावून हाताखालची माणसे सुधारत नाहीत. आपण वेळेवर येतो का, आपली चूक चारचौघांत कबूल करतो का, गाऱ्हाण्याचा टाळ वाजू देतो का, हे ती रोज बघतात आणि तसेच वागतात.

तेव्हा मंडळी, यंदा मुक्कामी पोचल्यावर पाण्याचा पहिला तांब्या सगळ्यांत मागे राहिलेल्या माउलीच्या हाती देऊ. समतेचे प्रवचन त्यानंतर करू.

रामकृष्णहरि!