टोपाखालची मंद आच



बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातला हिवाळा बर्फापेक्षा पावसाचा आणि ओल्या गारठ्याचा असतो. अशा दिवसांत तिथे घरोघरी ‘स्टोफव्लेस’ नावाचे बीफ स्ट्यू शिजते. एक किलो मांस, अर्धा किलो कांदा, थोडे लोणी, काळसर बिअरच्या दोन लहान बाटल्या, थाइमची एक काडी आणि एक-दोन तमालपत्रे. मांसाचे मोठे तुकडे लोण्यात चांगले तांबूस होईपर्यंत परतायचे, मग कांदा, मग बिअर. पावाच्या स्लाईसला वाटलेली मोहरी फासायची आणि ती बाजू खाली करून स्लाईस रश्श्यावर ठेवून द्यायची. पाव हळूहळू विरघळतो, रस्सा दाट होतो. आच इतकी मंद ठेवायची की मध्येच एखादा बुडबुडा यावा. असे तीन तास. (बिअरचे नाव काढताच काहींचे कान टवकारले असतील. एवढ्या वेळात तिच्यातला बहुतेक मद्यार्क उडून जातो, कडवट-गोड चव तेवढी राहते.)

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल व वळू यांच्या मांसाला कायद्याने बंदी आहे, म्हशीच्या मांसाला नाही. तेव्हा आपल्याकडे करायचे तर ते घ्यावे, आणि मांस जून असेल तर चार तास धरावेत.

या पदार्थाला महागडे मांस चालत नाही. लागते ते खांद्याचे, मानेचे किंवा पायाच्या नळीचे. म्हणजे जनावराने आयुष्यभर ज्या भागांवर भार वाहिला ते भाग. ते चिवट असतात, म्हणूनच स्वस्त. त्यांतल्या चिवट धाग्यांना कोलॅजन म्हणतात. साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअस उष्णतेत तासन् तास राहिले की त्याचे जिलेटिन होते आणि रश्श्याला ती ओठांना चिकटणारी चव येते. घाईने खळखळ उकळले तर मांसाचे तंतू आपले पाणी सोडून कोरडे पडतात. बाहेरून शिजल्यासारखे दिसते, आत दोरखंड.

आता कुणी म्हणेल, फादर, कुकर आहे की! खरे आहे. कुकरमध्ये उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते आणि तेच काम तासाभरात होते. चवीत थोडा फरक पडेल, पण भुकेल्या माणसाला तो कळेलच असे नाही. मग उरलेले दोन तास वाया गेले म्हणायचे का? प्रश्न स्वयंपाकघरातला दिसतो, पण मला तो नीतीचा वाटतो.

अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्रात ‘घडवणे’ आणि ‘वागणे’ यांत भेद केला. घडवण्याचे मोल घडलेल्या वस्तूत असते. सुताराने पाट लवकर केला तर उत्तमच. चांगल्या वागण्याचे मोल मात्र त्या वागण्यातच असते. आजाऱ्याजवळ बसणे लवकर उरकले म्हणून कुणी शाबासकी देत नाही. स्ट्यू ही नुसती घडवायची वस्तू मानली तर कुकर जिंकला, वाद संपला. पण तीन तास टोप चुलीवर आहे म्हणजे तीन तास घरात कुणीतरी आहे. हात मोकळे आहेत, पण पाय घरात आहेत. शाळेतून आलेल्या मुलाला वास येतो आणि आपली वाट पाहिली जात आहे हे त्याला न सांगता कळते. हे कुकरच्या शिट्टीला जमत नाही.

इथे थांबून लेख संपवता आला असता, पण ते अप्रामाणिक ठरेल. ते ‘कुणीतरी’ कोण? बहुतेक घरांत आई, नाहीतर सून. मंद आचेचे गोडवे बहुधा तेच गातात ज्यांना टोप ढवळावा लागत नाही, आणि धर्मगुरूंच्या पंक्तीला बसून असे लिहिणे फार सोपे आहे. पहाटेची लोकल पकडणाऱ्या बाईला ‘पूर्वीच्या बायका कशा तासन् तास रांधायच्या’ हे ऐकवणे म्हणजे तिच्या घामावर आपली संस्कृती शेकणे. दुसऱ्यावर लादलेल्या धीराला सद्गुण म्हणत नाहीत, वेठबिगार म्हणतात. तिने कुकर लावला तर लावू द्यावा. मंद आचेची एवढी हौस असेल तर रविवारी मिस्सानंतर पुरुषांनी कांदा चिरायला बसावे.

शिवाय धीर धरता येणे हे तरी नेहमी चांगलेच असते का? उत्पत्तीच्या पुस्तकातला २५ वा अध्याय आठवा. याकोब मसुरीचे कालवण शिजवत होता. एसाव रानातून थकून, भुकेने कासावीस होऊन आला आणि त्या कालवणापायी ज्येष्ठत्वाचा हक्क विकून बसला. आपण उतावळ्या एसावाला नावे ठेवतो. ठेवावीतही, बायबलही त्याला दोष देतेच. पण टोपाशी बसलेल्याकडे आपले लक्ष जात नाही. धीर याकोबाकडे होता, वेळ त्याच्याकडे होता, तयार अन्नही त्याच्याकडेच होते. आणि सख्खा भाऊ भुकेला दारात असताना त्याने वाढण्याआधी सौदा केला, वर शपथही घ्यायला लावली. त्याचे कालवण काही कमी शिजले नव्हते. तेव्हा आच मंद होती की मोठी हे विचारून भागत नाही, टोप कुणासाठी चढवला होता हेही विचारावे लागते. वडिलार्जित वाडीवरून वर्षानुवर्षे न बोलणारे भाऊ आपल्याही धर्मग्रामात आहेत. त्यांतल्या काहींकडे याकोबासारखा पुष्कळ धीर आहे, एवढेच म्हणतो.

राहता राहिली एक व्यवहाराची गोष्ट. स्टोफव्लेस दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते, म्हणून पुष्कळ जण ते आदल्या दिवशीच करून ठेवतात आणि बटाट्याच्या तळलेल्या कापांबरोबर खातात. आपल्याकडे पावाबरोबरही छान लागेल. रात्रीच्या शेवटच्या विरार लोकलने येणाऱ्याचा वाटा मात्र आधीच काढून ठेवावा. नळीचे तुकडे पहिल्या पंक्तीतच संपतात.

आपला,
प्रमुख धर्मगुरू