छायाचित्राचे ऋण

जुन्या फिल्म-कॅमेऱ्यांचा छंद अलीकडे तरुणांत पुन्हा रुजू लागला आहे. या छंदाला बिदरमध्ये विषयांची वाण नाही. मैलूरच्या वस्तीतून निघून जुन्या शहरात शिरावे, तो महमूद गवानाचा १४७२ सालचा मदरसा समोर येतो. त्याच्या दोन मिनारांपैकी आज एकच उभा आहे. त्या मिनाराचे चित्र कोणीही घ्यावे. त्याचे काही उणे होत नाही. परंतु त्याच्या सावलीत टेकलेल्या थकल्या माणसाचे काय? येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो.

या छंदाचे कैवारी म्हणतात की फिल्म संयम शिकवते. एके काळी बडोद्यास तयार होणाऱ्या आगफा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या रिळावर बाराच चित्रे उमटत; साहजिकच माणूस विचार करून कळ दाबी. हे म्हणणे आम्हांला पुरते पटत नाही. घरात दाणा नाही म्हणून घडलेल्या उपासाला कोणी एकादशी म्हणत नाही. बाराच चित्रे असली, तरी त्यांतील एकही दुसऱ्याला न विचारता घेतलेले असू शकते. काटकसर निराळी आणि संयम निराळा.

उलट, आमच्या मते फिल्म वापरणाऱ्याची जबाबदारी अधिक आहे. मोबाइलवर घेतलेले चित्र तेथल्या तेथे दाखविता येते. समोरच्याने नको म्हटले तर पुसताही येते. फिल्मवरचे चित्र घेणाऱ्यालाही दिसत नाही. ज्याचे चित्र घेतले, तो संमती देतो ती डोळे मिटून, निव्वळ विश्वासावर. रीळ धुऊन होईपर्यंत तो आपल्या वाटेने गेलेला असतो. अशा विश्वासाला आपल्याकडे ऋण म्हणतात.

हे ऋण मानणारे लोक या व्यवसायात पूर्वीही होते. बिदर ज्या निजामी राज्यात होते, त्याच्या राजधानीत, हैदराबादेत, लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि तेथे चित्रे घेण्याचे काम स्त्रीकडेच सोपविले. त्यात व्यवसायाची दृष्टी असेलच. परंतु समोरच्याची मर्यादा ओळखून कॅमेऱ्याने आपली रीत बदलावी, हे तत्त्व त्यात स्पष्ट दिसते. ज्याला असा पडदा नाही, त्या रस्त्यावरच्या माणसाला मर्यादा नसते काय?

देवळात जाणाऱ्या आपल्या वाचकांना हा विचार अपरिचित वाटू नये. दर्शन हे एकतर्फी नसते. आपण देवाला पाहतो आणि देवाने आपल्याकडे पाहावे अशी आस धरतो. बिदरच्या झरणी नरसिंहाच्या गुहेत भाविक छातीभर पाण्यातून चालत मूर्तीपर्यंत जातो. जलासुराचा वध केल्यावर तोच पाणी होऊन देवाच्या चरणांशी वाहू लागला, अशी कथा आहे. त्या पाण्यात फिल्मचा कॅमेरा कोण नेणार? तो काठावर ठेवून रिकाम्या हातांनीच जावे लागते. तेथे पाणी आपल्याला अडविते. रस्त्यावर अडविणारे कोणी नसते, म्हणून तेथे स्वतःच थांबणे हा खरा संयम होय.

याचा अर्थ चित्रेच घेऊ नयेत, असा नाही. एरवी ज्यांची कोणी नोंद ठेवत नाही, त्या फुलवालीचा किंवा हमालाचा चेहरा टिकवून ठेवणे हे मोलाचे काम आहे. मात्र आधी विचारावे. नकार आला तर हसतमुखाने पुढे जावे. आणि होकार मिळाला, तर चित्र छापून येताच त्याची एक प्रत त्याच ठिकाणी, त्याच हातात नेऊन द्यावी. 'प्रत पाठवू' हे आश्वासन सोपे असते. त्यासाठी पुन्हा त्या चौकापर्यंत जाणे जड वाटते. परंतु फिल्मने लादलेला विलंब सार्थकी लागतो तो या दुसऱ्या खेपेनेच. पहिल्या खेपेला आपण घेतो. दुसऱ्या खेपेला परत देतो. ज्याला दुसरी खेप जमणार नाही, त्याने मिनाराचीच चित्रे घ्यावीत.