आरंभ आणि चढ

य = म × क्ष + क या समीकरणात सरळ रेषेची सगळी ओळख दोन संख्यांत मावते. क हा आंतरछेद: रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते ती उंची. म हा चढ: आडवे एक एकक पुढे गेल्यावर रेषा किती वर जाते ते. आलेख काढताना आधी उभ्या अक्षावर क मांडायचा, तिथून चढ मोजून दुसरा बिंदू घ्यायचा आणि दोन्हींतून रेषा ओढायची. आरंभ (क) आणि दर (म) असे वेगळे लिहिण्यापर्यंत पोचायला गणिताला कित्येक शतके लागली.

दराचा विचार जुना आहे. भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’तले त्रैराशिक हे दराचेच गणित: इतक्या मापाला इतके दाम, तर तितक्याला किती? त्यात शून्य मापाला शून्य दाम हे गृहीतच असते. त्याचा आलेख आरंभबिंदूतूनच जाणार. आंतरछेदाला तिथे वाव नाही. चौदाव्या शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेमने आडव्या रेषेवर काळ आणि उभ्या दिशेने वेग दाखवणाऱ्या आकृत्या काढल्या. एकसारखा वाढणारा वेग त्यांत तिरक्या कडेने दिसतो, पण समीकरण नाही. ते 1630च्या दशकात आले. देकार्तची भूमिती 1637 साली छापली गेली. त्याच सुमारास फर्माने पहिल्या घाताचे समीकरण म्हणजे सरळ रेषा, हे स्पष्ट मांडले. त्याचे पहिले उदाहरणही आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेचेच होते. ऋण निर्देशकांचा पद्धतशीर वापर दोघांकडेही नाही. तो पुढे न्यूटनच्या 1704 सालच्या लेखनात दिसतो. 1780च्या दशकात गास्पार मोंजने रेषेचे समीकरण चढासह लिहिले, आणि ओब्रायन (1844) व सामन (1848) यांच्या इंग्रजी पुस्तकांतून आजचे रूप रुळले.

सामनच्या पुस्तकानंतर सातच वर्षांनी, 1855 मध्ये, कल्याण ते वासिंद लोहमार्ग सुरू झाला. आंबिवली स्टेशन याच मार्गावर आहे, आणि आंतरछेद समजायला या मार्गाहून चांगले उदाहरण शोधावे लागत नाही. मध्य रेल्वेवर अंतर मुंबईपासून मोजतात. त्यामुळे कल्याणहून सुटणारी गाडी शून्यावर नसते. ती सुमारे 54 किलोमीटरवर असते. ताशी 40 किलोमीटर म्हणजे मिनिटाला दोन-तृतीयांश किलोमीटर. क्ष मिनिटांनी तिचे अंतर: य = 2/3 × क्ष + 54. उभ्या अक्षावर 54 मांडावे, मग तीन घरे उजवीकडे, दोन वर. नवव्या मिनिटाला गाडी 60 वर, म्हणजे आंबिवलीच्या आसपास येते. पंधराव्याला 64 वर, टिटवाळ्याजवळ. मधले थांबे यात धरलेले नाहीत. धरले, तर प्रत्येक थांब्याला रेषा आडवी होते, कारण काळ सरकतो आणि अंतर तेच राहते. तिथे चढ शून्य.

ही गाडी कल्याणहून सुटते त्याच क्षणी टिटवाळ्याहून तितक्याच वेगाने परतणाऱ्या गाडीचे समीकरण य = −2/3 × क्ष + 64. फर्मा-देकार्तच्या काळात अवघड वाटणारी ऋण बाजू इथे नुसती परतीची दिशा आहे. दोन्ही रेषा साडेसाताव्या मिनिटाला, 59 किलोमीटरवर छेदतात: गाड्या तिथे, आंबिवलीच्या अलीकडे, एकमेकींजवळून जातात. एकसामयिक समीकरणांची आलेखाने उकल ती हीच. रेल्वेचे वेळापत्रक आखणारे असेच आलेख वापरत आले आहेत; एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शास्त्रज्ञ मारेने प्रसिद्ध केलेला पॅरिस–लियों मार्गाचा आलेख त्यांतला सर्वांत गाजलेला. त्यावर उभी रेषा कधीच येत नाही. उभी रेषा म्हणजे वेळ न घालवता कापलेले अंतर, आणि तिचा चढ गणितात ठरवता येत नाही.

याच मार्गावर पुढे कसाऱ्यापलीकडे थळ घाट लागतो. तिथे सर्वांत तीव्र भागात 37 मीटर पुढे गेल्यावर रूळ 1 मीटर वर चढतात, म्हणजे चढ 1/37. मागून ढकलणारी बँकर इंजिने लावूनही गाडी मंदावते आणि अंतर-काळाच्या आलेखावर तिची रेषा चपटी होते. रुळांचा चढ वाढतो तिथे आलेखाचा चढ घटतो. सबंध प्रवास मग एका समीकरणात बसत नाही; वेग बदलेल तिथे रेषा मोडते आणि प्रत्येक तुकड्याला आपला चढ व आपला आंतरछेद द्यावा लागतो.