रिकाम्या हाताने उठण्याचा अधिकार

मुंबईच्या फोर्ट विभागातील जुन्या इमारतींची जोती उंच का ठेवली गेली, हे ज्याने तेथील आषाढातला एखादा मुसळधार दिवस अनुभवला आहे त्याला निराळे सांगावे लागत नाही. आणि म्हणून दुकानांच्या दारांतील दगडी पायऱ्यांवर आरंभीच दुष्टपणाचा आरोप ठेवणे मला न्याय्य वाटत नाही. पाणी बाहेर राहावे, एवढाच त्यांचा हेतू. पाण्याबरोबर माणूसही बाहेर राहतो हे माझ्या ध्यानात आले, ते एका स्नेह्यांची चाकांची खुर्ची ढकलीत तेथल्या एका कापडाच्या दुकानापाशी गेलो तेव्हा.

पायऱ्या तीन, प्रत्येक सुमारे सहा इंचांची. दुकानदार सज्जन होता. त्याने दोन नोकरांना हाक मारली, रस्त्यावरचा एक हमाल धावला, चौथा मी. आणि खुर्ची तिरपी करून, ‘सांभाळून, सांभाळून’ असा गजर करीत आम्ही त्यांना वर चढवले. स्नेही दोन्ही हातांनी दांडे घट्ट धरून डोळे मिटून बसले होते. आत त्यांनी शर्टाचे कापड पाहिले, भाव त्यांना जास्त वाटल्याचे त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट दिसले, आणि तरीही अवाक्षर न काढता त्यांनी पैसे मोजले. बाहेर आल्यावर म्हणाले, “चौघांनी उचलून आत नेलेल्याने रिकाम्या हाताने उठायचे कसे?”

गिऱ्हाइकाची सारी प्रतिष्ठा त्याच्या उठून जाण्यात असते. पाठ फिरवून चार पावले गेल्यावर मागून ‘अहो, या तर खरे!’ अशी जी हाक येते, तिच्यासाठीच तर घासाघीस करायची. पण ज्याचे जाणेही दुसऱ्याच्या खांद्यांवर अवलंबून, त्याच्यापुरते दुकान हे यजमानाचे घर होते, आणि पाहुण्याने भाव पाडायचा नसतो.

सार्वजनिक वापराच्या खाजगी इमारतींनाही 2016 चा दिव्यांग हक्क कायदा लागू आहे. जुन्या इमारती सुगम करण्यासाठी, त्याखालील नियम निघाल्यापासून दिलेली पाच वर्षांची मुदत 2022 मध्येच सरली. मात्र सुगमतेच्या मापांविषयीच्या नियमाने ती केवळ शिफारशीवजा ठेवली होती, आणि म्हणून 2024 च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला. दुकानदाराची अडचणही खोटी नव्हे. उताराचे प्रमाण बारास एक. म्हणजे अठरा इंच चढण्यास अठरा फुटांचा रॅम्प, आणि तो सरळ बाहेर काढला तर पदपथ गिळून दुसऱ्या कोणाची तरी वाट अडवील. शेजाऱ्यांनी मिळून, दर्शनी भिंतीला समांतर असा एकच उतार बांधणे हाच मार्ग मला दिसतो. तसले सामाईक औदार्य या विभागाला अपरिचित नाही: दादाभाई नौरोजी मार्गावर इमारतींचे मालक निराळे, घडणही निराळी, परंतु तळमजल्याच्या कमानींखालची वाट पादचाऱ्यांसाठी बव्हंशी सलग राखलेली आहे. उन्हापावसाची तजवीज ज्यांनी केली, त्यांना चाकांचा विचार सुचला नाही, इतकेच.

“केव्हाही या, आमची माणसे आहेतच,” असे दुकानदाराने निरोप देताना मनापासून सांगितले होते. स्नेह्यांनी मान डोलावली. पुढच्या दुकानाच्या काचेपाशी मात्र त्यांनी मला थांबवले, तसल्याच कापडावरची किमतीची चिठ्ठी बाहेरूनच सावकाश वाचली, आणि चालू लागण्याची खूण केली.