खुराड्यातील उतरंड : हिंसा कोणाची?

महाराष्ट्र शासनाच्या एकात्मिक कुक्कुट विकास कार्यक्रमात आठ ते दहा आठवडे वयाच्या तलंगांचा, म्हणजे अद्याप अंड्यावर न आलेल्या तरुण पक्ष्यांचा, 25 माद्या व 3 नर असा गट निम्म्या अनुदानावर दिला जातो. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील ज्या घरी असा गट येतो, तेथे पुष्कळदा चार-सहा गावरान कोंबड्या आणि एखादा कोंबडा आधीपासून नांदत असतो. नव्या तलंगा त्यांच्यात सोडल्या की जुन्या कोंबड्या त्यांच्या डोक्यावर चोची मारतात, त्यांना दाण्यापासून हुसकतात आणि कोंबडा त्यांच्या मागे लागतो. हे पाहून, कोंबड्यांची जातच अशी, त्यांचे त्या पाहून घेतील, असे सहज म्हटले जाते. या म्हणण्यात एक तात्त्विक भूमिका दडलेली आहे आणि ती तपासून पाहण्याजोगी आहे.

ही भूमिका स्वभाववादाची होय. प्रत्येक वस्तू आपल्या अंगभूत स्वभावानुसार वागते, त्यामागे अन्य कारण शोधण्याची गरज नाही, असे मानणाऱ्या प्राचीन भारतीय विचाराला स्वभाववाद म्हणतात. कोंबड्यांपुरते त्याला आधुनिक निरीक्षणाचे पाठबळही मिळते. थोरलेइफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन प्राणिशास्त्रज्ञाने 1922 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की कळपातील कोणतीही कोंबडी वाटेल तिला टोचत नाही, तर कोणी कोणाला टोचायचे याचा एक ठरलेला क्रम असतो. हा क्रम एकदा बसला, की वरच्या कोंबडीने नुसती मान उंचावली तरी खालची बाजूला होते, त्यामुळे उतरंड ही एका अर्थी भांडण थांबवणारी व्यवस्था ठरते. नव्या पक्ष्यांच्या येण्याने ती विस्कटते आणि चकमकींतून पुन्हा रचली जाते. कोंबड्यांची उतरंड वेगळी व कोंबड्याचे स्थान वेगळे असल्याने तो कधी माद्यांचे भांडण मोडतो, कधी दाणा दाखवून त्यांना बोलावतो. परंतु वयात न आलेली तलंग त्याच्यापुढे बसत नाही, पळते, आणि तो तिचा पाठलाग करतो.

येथवर स्वभाववाद्याचे म्हणणे मान्य करता येते. मात्र टोचणे हा जसा वरचढ कोंबडीचा स्वभाव आहे, तसाच दूर पळणे हा दुबळीचा स्वभाव आहे आणि उतरंडीची सारी व्यवस्था या दोन्हींवर उभी असते. मोकळ्या शिवारात हरलेली तलंग कुंपणाआड निघून जाते व भांडण तेथेच मिटते. बंद खुराड्यात ती कोपऱ्यात सापडते, तिची माघार मारणारीला दिसतच नाही, आणि जी चकमक दोन टोचण्यांत संपायची ती रक्त निघेपर्यंत चालते. भिंतीने निसर्गाचा एक अर्धा भाग तसाच ठेवला व दुसरा काढून घेतला; अशा ठिकाणी जे घडते त्याला निव्वळ निसर्ग म्हणता येत नाही, कारण भिंत कोंबडीने घातलेली नाही.

भिंत घालणाऱ्या माणसाच्या या जबाबदारीचा सर्वांत बारकाईने विचार जैन आचारशास्त्रात झाला आहे. तो या भूमीला परका नाही. लत्तलूर म्हणजे आजचे लातूर हे आपले मूळ नगर असल्याचे आपल्या बिरुदांत मिरवणाऱ्या राष्ट्रकूटांनी जैन आचार्यांना मोठा आश्रय दिला होता. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीइतकेच महत्त्व प्रमादाला, म्हणजे बेसावध व बेपर्वा वृत्तीला, दिले आहे. त्याच अध्यायात गृहस्थाच्या अहिंसा-अणुव्रताचे, म्हणजे संसारी माणसाने मर्यादित प्रमाणात पाळावयाच्या व्रताचे, पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रत न मोडताही त्याला लागणारा दोष. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध, अर्थात बांधून वा कोंडून ठेवणे, मारणे, अवयव कापणे, झेपेल त्याहून अधिक भार लादणे आणि अन्नपाणी तोडणे, असे ते पाच दोष आहेत.

खुराड्याकडे या दृष्टीने पाहिले, तर चोच मारणारी कोंबडी असली तरी दोषांची यादी पाळणाऱ्याशीच येऊन थांबते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर असताना पाण्याचे एकच भांडे ठेवले आणि त्यावर जुन्या कोंबडीने ठाण मांडले, तर नवीचे पाणी तिने तोडले असे दिसते; पण भांडे एकच ठेवण्याचा निर्णय माणसाचा असतो. टोचाटोची थांबावी म्हणून चोच कापणे हा तर सरळ छेद होय. याउलट नव्या गटाला आधी दोन-तीन आठवडे दूर ठेवून मानमोडीसारख्या रोगाची शंका फेडणे, मग मधे जाळी घालून दोन्ही गटांना एकमेकांची ओळख होऊ देणे, दाणापाणी तीन-चार ठिकाणी मांडणे, एकटी तलंग न सोडता अनेक एकदम सोडणे, आडोसे व उंच दांड्या ठेवणे आणि आठ-दहा माद्यांमागे एकच कोंबडा राखणे, या सर्व उपायांचे सार एकच आहे, की उतरंड मोडायची नाही, परंतु दुबळ्याची पळवाट बंद होऊ द्यायची नाही. जाळीमागचे कोंडणे हाही बंधच आहे. मात्र त्यामागे प्रमाद नसून सावधपणा असल्याने त्याचे मूल्य बदलते.

शरण आलेल्याला वाट मोकळी ठेवण्याचा हा विचार महानुभाव परंपरेतही आढळतो. लीळाचरित्रातील एका लीळेत पारध्यांच्या भयाने आश्रयाला आलेल्या सशाचे चक्रधरस्वामी रक्षण करतात, आणि पारधी निघून गेल्यावर त्याला स्वतःजवळ न ठेवता जाऊ देतात. रक्षण म्हणजे ताबा नव्हे, हे त्यातून सूचित होते.

यावर एक आक्षेप असा, की ज्या पक्ष्याला पुढे कापायचेच आहे, त्याच्या आधीच्या त्रासाची एवढी चर्चा कशाला. जैन विचार कापण्याला संमती देणार नाही, हे उघड आहे. तथापि ते व्रत न घेतलेल्या माणसालाही एवढे नाकारता येत नाही, की मोठा दोष पत्करल्याने लहान दोषांची मोकळीक मिळत नसते. पक्षी जितके दिवस आपल्या भिंतीआड आहे, तितके दिवस त्याचे पाणी, सावली आणि पळवाट आपल्या हाती असते.

या आक्षेपाखेरीज एक धोका उलट दिशेचा आहे. कोंबड्यांतही उतरंड असते, म्हणून माणसांतील उच्चनीचताही नैसर्गिक, असे अनुमान काढले जाते. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे लंगरमध्ये सर्वांना एकाच पंगतीत बसवण्याची जी रीत आहे, ती या अनुमानाला दिलेले कृतिरूप उत्तर आहे, कारण पंगत कशी मांडायची हे माणूस विचारपूर्वक ठरवतो. निसर्गात काय घडते यावरून काय घडावे हे सिद्ध होत नाही. जेथे मांडणी माणसाच्या हातची आहे, मग ती पंगत असो वा खुराडे, तेथे जे घडते त्याचा जाब त्यालाच द्यावा लागतो.